तीन दिवसांची फ्लाय-इन भेट : ह्यूस्टनमधल्या एका मराठी विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ह्यूस्टनच्या उपनगरातलं चौघांचं कुटुंब. मुळचे सांगली जिल्ह्यातले, आत्याने भरलेल्या अर्जावर भावंडांच्या कोट्यात दीड दशकाच्या आसपास वाट पाहून २०१७ मध्ये ग्रीन कार्डावर अमेरिकेत आलेले. वडील पेट्रोल पंपाला जोडलेल्या दुकानात कामाला, शनिवार-रविवार ॲपवर टॅक्सी चालवतात. आई एका गोदामात पॅकिंग करते. २०२३ चं करपात्रतेसाठी धरलेलं एकूण उत्पन्न सुमारे ५२,००० डॉलर. मुलीला इथे सई म्हणू. नाव बदललेलं आहे, पुढे येणारा स्पेलिंगचा घोळ मात्र खऱ्या नावातही तसाच होता. अमेरिकेत आल्यावर तिला एक इयत्ता मागे बसवलं, त्यामुळे २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, बारावी सुरू झाल्या झाल्या, तिला अठरा वर्षं पूर्ण झाली. वर्गात क्रमांक पहिल्या ९ टक्क्यांत.

टेक्सासमध्ये पहिल्या १० टक्क्यांतल्या मुलांना राज्याच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशाची हमी असते. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासपुरती ही मर्यादा त्या वर्षी ६ टक्के होती. म्हणजे ऑस्टिनची हमी नाही, युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टनची आहे. ही हमी विद्यापीठाची असते, हव्या त्या शाखेची नसते, ही गोष्ट घराघरात उशिरा कळते.

फ्लाय-इन म्हणजे काय, हे थोडक्यात. अमेरिकेतली बरीच खासगी कॉलेजं शरद ऋतूत बारावीच्या निवडक मुलांना स्वखर्चाने दोन-तीन दिवस कॅम्पसवर बोलावतात. विमानाचं तिकीट, बस, जेवण, डॉर्ममध्ये (वसतिगृहात) राहणं, सगळं कॉलेजकडे. विल्यम्सचा ‘विंडोज ऑन विल्यम्स’ किंवा स्वार्थमोरचा ‘डिस्कव्हर स्वार्थमोर’ ही माहितीतली नावं. पूर्वी अशा कार्यक्रमांना सर्रास ‘डायव्हर्सिटी’ भेट म्हणत. २९ जून २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करण्याला मनाई केली, त्यानंतर पुष्कळ ठिकाणी नावं आणि शब्दरचना बदलली. आता ‘सर्वांसाठी खुला’ असं लिहून पुढे कमी उत्पन्न, घरातून कॉलेजात जाणारी पहिली पिढी, ग्रामीण भाग अशा मुलांना अर्जाचा आग्रह केलेला असतो.

अडचण

पहिली अडचण गैरसमजाची. ‘डायव्हर्सिटी’ शब्द वाचून घरात ठरून गेलं, की हे भारतीय मुलांसाठी नाही. मराठी मंडळातल्या ओळखीच्यांनीही तेच सांगितलं. त्यांची मुलं डॉक्टर-इंजिनिअरांच्या घरातली, त्यांच्यापुरतं ते बहुतेक खरंही होतं. सईच्या बाबतीत उत्पन्न हा निकष सरळ लागू पडत होता.

दुसरी अडचण पैशाची. अशा कॉलेजांचा वर्षाचा जाहीर खर्च ८५,००० डॉलरच्या पुढे जातो. तो आकडा पाहिला की पान मिटलं जातं. प्रत्यक्षात घराला किती भरावं लागेल हे प्रत्येक कॉलेजच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरवर कळतं, आणि असा कॅल्क्युलेटर ठेवणं २०११ पासून कायद्याने बंधनकारक आहे. पण कॅल्क्युलेटर मालमत्ता विचारतो, आणि गावाकडे वडिलांच्या वाट्याची साधारण एकरभर जमीन होती. सातबाऱ्यावर तिघा भावांची नावं, वाटणी झालेली नाही. ती दाखवायची का, दाखवायची तर किती किमतीला, यावर घरात एकमत नव्हतं.

तिसरी अडचण बाबांच्या एका वाक्यात मावत होती : “न पाहिलेल्या गावी पोरीला चार वर्षं कशी धाडू?”

पर्याय

चार वाटा समोर होत्या. एक, काहीच न करता युनिव्हर्सिटी ऑफ ह्यूस्टन गाठणं. उत्पन्न ६५,००० डॉलरपर्यंत असलेल्या घरांना तेव्हा तिथे शिक्षणशुल्क भागवलं जाण्याची हमी होती, राहायला घर होतंच. दोन, स्वतःच्या खर्चाने एखादं कॉलेज पाहून येणं. मुलगी आणि सोबत एक पालक असं तिकीट, हॉटेल, बुडालेली मजुरी धरली की हा पर्याय तिथेच बाद झाला. तीन, क्वेस्टब्रिज, म्हणजे कमी उत्पन्नाच्या हुशार मुलांची नामवंत कॉलेजांशी जोडी (मॅच) लावून देणारी संस्था. तिथला अर्ज मोठा असतो, सप्टेंबरअखेर द्यावा लागतो आणि मॅच झाली की ती बहुतांश कॉलेजांत बंधनकारक ठरते. कॉलेज न पाहता बांधून घ्यायला घर तयार नव्हतं. चार, फ्लाय-इन.

चौथा पर्याय निवडला आणि पाच कार्यक्रमांची यादी केली. यादी करताना पाहिलेल्या गोष्टी : प्रवासखर्च पूर्ण आहे का, ग्रीन कार्डधारक चालतात का, कॉलेज दाखवलेली गरज पूर्ण भागवतं का, म्हणजे घराला न परवडणारा सगळा खर्च उचलतं का. तिन्ही निकष बरोबर होते. चौथा, आणि सगळ्यात साधा, कोणी विचारलाच नाही : सईला जे शिकायचं आहे ते तिथे शिकवतात का?

अर्ज

शेवटच्या तारखा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत होत्या. प्रत्येक अर्जात माहितीचा फॉर्म, १५० ते ३०० शब्दांचे एक-दोन निबंध आणि ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेचं गुणपत्रक. तीन कॉलेजांना शाळेच्या पोर्टलवरून काढलेलं अनधिकृत ट्रान्सक्रिप्ट चाललं. दोघांना काउन्सिलरचं पत्र हवं होतं, आणि टेक्सासमधले शाळेचे काउन्सिलर जुलैत कामावर नसतात. सईने जुलैत ईमेल पाठवला, उत्तर ऑगस्टमध्ये आलं. एक तारीख हुकली. दुसऱ्या कॉलेजला तिने तारखेच्या तीन दिवस आधी लिहून विचारलं, त्यांनी पत्र नंतर पाठवायला परवानगी दिली. अशी परवानगी बहुधा मिळते, पण तारीख उलटायच्या आत मागितली तर.

‘पहिली पिढी’ या रकान्यावर पेन अडलं. आई बारावी, वडील शिवाजी विद्यापीठाचे बी.कॉम. व्याख्या कॉलेजागणिक बदलते. कुठे आईवडिलांपैकी कोणाकडेही पदवी नको, कुठे फक्त अमेरिकेतली पदवी मोजतात, आणि तीन वर्षांची भारतीय पदवी चार वर्षांच्या बरोबरीची धरायची का, हे फॉर्मवर लिहिलेलं नसतं. इथे अंदाजाने खूण करणं धोक्याचं होतं, कारण तीच माहिती पुढे प्रवेशअर्जातही द्यायची असते आणि दोन्हींत फरक दिसला की शंका येते. सईने चारही ठिकाणी दोन ओळींचा ईमेल केला : वडिलांची पदवी, विद्यापीठ, वर्षं. एकाने सांगितलं पहिली पिढी धरू, दोघांनी नाही म्हटलं आणि उत्पन्नाच्या निकषावर अर्ज करायला सुचवलं. एकाकडून उत्तर आलं नाही, तिथे तिने ‘नाही’ लिहिलं आणि जादा माहितीच्या चौकटीत खुलासा दिला.

निबंधाचा पहिला मसुदा ‘मला विविध संस्कृतींबद्दल कुतूहल आहे’ छापाचा होता. तो कोणीही, कोणत्याही कॉलेजला पाठवू शकलं असतं. शेवटी पाठवलेला निबंध दुकानातल्या बर्फाच्या मशीनवर होता. मशीन बर्फ कमी पाडायला लागलं, मेकॅनिकचं येणंच महागडं, म्हणून तिने आधी कंडेन्सरवरची धूळ काढली, फरक पडला नाही, मग पाणी आत सोडणारा व्हॉल्व्ह बदलला आणि मशीन पूर्ववत झालं. आधी धुळीवर संशय का घेतला आणि तो का चुकला, हे तिने नीट मांडलं होतं. चारपैकी दोन ठिकाणी निवड झाली.

दोन निमंत्रणं, एक रजा

एक कॉलेज पेनसिल्व्हेनियातलं, १९ ते २१ सप्टेंबर. दुसरं न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातलं, १० ते १२ ऑक्टोबर. दोन्ही गुरुवार ते शनिवार, म्हणजे प्रत्येकी शाळेचे दोन दिवस. टेक्सासचा शिक्षण कायदा शाळांना बारावीच्या वर्षात कॉलेजभेटीसाठी जास्तीत जास्त दोन दिवस माफ करू देतो. उरलेले दोन दिवस विनापरवाना गैरहजेरीत गेले असते. तेवढ्याने हजेरी ९० टक्क्यांच्या खाली गेली नसती, पण त्याच आठवड्यात कॅल्क्युलसची परीक्षा होती आणि विनापरवाना गैरहजर मुलाची फेरपरीक्षा घ्यायची की नाही हे शिक्षकाच्या मर्जीवर.

न्यू इंग्लंडचं कॉलेज निवडलं. कारणं तीन : वेळापत्रकात फायनान्शियल एड (आर्थिक मदत) कार्यालयाशी वैयक्तिक भेट होती, बॉस्टनपर्यंत थेट विमान होतं, आणि नाव मोठं होतं. तिसरं कारण कोणी मोठ्याने बोललं नाही, पण वजन त्याचंच जास्त पडलं असावं. पेनसिल्व्हेनियाला दोन दिवसांत नकार कळवला, जागा प्रतीक्षायादीतल्या कोणाला तरी मिळाली असेल. नकार न कळवता गप्प बसणारी मुलंही असतात. ते वाईट दिसतं, कारण पुढचा प्रवेशअर्ज त्याच कार्यालयात वाचला जातो.

आईचा विरोध वेगळा होता. मुलगी एकटी, अनोळखी डॉर्म, आणि १२ तारखेला दसरा. दसऱ्यावर बोलून उपयोग नव्हता, कारण तारीख कॉलेजची. राहण्याबद्दल मात्र कार्यक्रमाच्या समन्वयकांनी आईशी वीस मिनिटं फोनवर बोलून घेतलं, दुभाषी म्हणून सई स्वतःच. यजमान विद्यार्थिनीच असेल, भेटीला आलेल्या मुलांना दारू-पार्टीला बंदी आहे आणि तशा करारावर पालकांचीही सही लागते, रात्री कॅम्पस सुरक्षेचा कोणता नंबर लावायचा, हे सगळं विचारून झालं. आईने तो नंबर फ्रिजवर चिकटवला आणि विषय संपला.

प्रवासाआधी

तिकीट कॉलेजच्या ट्रॅव्हल एजंटने काढलं, फॉर्मवर लिहिलेल्या नावाने. फॉर्मवर शाळेतलं नाव होतं, एस-ए-आय. ग्रीन कार्डवर एस-ए-ई-ई, पुढे वडिलांचं नाव. अठरा वर्षांखालच्या मुलांना देशांतर्गत विमानाला ओळखपत्र लागत नाही, त्यामुळे बाकीच्या मुलांना हा प्रश्न आलाच नाही. सईला अठरा पूर्ण झाली होती. मधलं नाव तिकिटावर नसलं तर सहसा कोणी अडवत नाही, पहिल्या नावाचं स्पेलिंगच वेगळं असलं तर अडवू शकतात. निघायच्या नऊ दिवस आधी हे लक्षात आलं, एजंटला फोन केला आणि दुरुस्ती झाली. विमानतळावर जाऊन ही दुरुस्ती करायची म्हणजे रांग, आणि त्या रांगेत विमान जातं. मराठी कुटुंबांत पासपोर्टवरचं, शाळेतलं आणि घरातलं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, तेव्हा फॉर्म भरताना ओळखपत्र शेजारी ठेवायचं.

तिकीट सगळ्यात स्वस्त भाड्याचं होतं. काही विमान कंपन्या अशा भाड्यात वरच्या कप्प्यातली बॅगही नेऊ देत नाहीत, फक्त सीटखाली मावेल ती. तीन दिवसांचे कपडे, लॅपटॉप, स्लीपिंग बॅग (डॉर्ममध्ये जमिनीवर झोपायचं असतं) आणि ह्यूस्टनमध्ये कधी न लागणारं जाड जॅकेट हे सगळं एका सॅकमध्ये बसेना. समन्वयकांना विचारल्यावर त्यांनी स्लीपिंग बॅग तिथे द्यायचं कबूल केलं. जॅकेट अंगात घालून गेली.

विमानतळावरचं जेवण खिशातून होतं, म्हणून डब्यात दशम्या आणि चटणी. फॉर्मवर ‘शाकाहारी’ एवढंच लिहिलं होतं. घर माळकरी, अंडंही चालत नाही, हे लिहायला हवं होतं. पहिल्या सकाळी नाश्त्याला तिने टोस्ट आणि केळं खाल्लं, दुपारी स्वयंपाकघरात सांगितल्यावर प्रश्न मिटला.

कॅम्पसवर

गुरुवारी बॉस्टनहून बसने पावणेतीन तास. संध्याकाळी स्वागत, विद्यार्थ्यांचं पॅनेल. पॅनेलवरची मुलं निवडून बसवलेली असतात, त्यांच्याकडून तक्रार ऐकू येणार नाही. खरं काय ते यजमान विद्यार्थिनीकडून रात्री कळलं. तिने विचारलं, तुमचा आरोग्यविमा कोणता? सईच्या घरी मार्केटप्लेसवर (विमा विकत घेण्याच्या सरकारी व्यवस्थेत) घेतलेला, टेक्सासपुरत्याच दवाखान्यांत चालणारा विमा होता. अशा विम्यावर न्यू इंग्लंडमध्ये तातडीच्या उपचारांपलीकडे काही मिळत नाही, मग कॉलेजचा विमा घ्यावा लागतो आणि त्याचं बिल वेगळं येतं. ते बिल एडमध्ये धरतात का, हे विचार, असं तिने बजावलं. कोणत्याही माहितीपत्रकात हा प्रश्न ठळकपणे नसतो.

शुक्रवारी सकाळी दोन वर्ग पाहिले, एक मानववंशशास्त्राचा, एक भौतिकशास्त्राचा. भौतिकशास्त्राच्या वर्गात चौदा मुलं होती, प्राध्यापक सगळ्यांना नावाने हाक मारत होते. तासानंतर सईने वर्कशॉप कुठे आहे विचारलं. उपकरणं बनवायची एक छोटी खोली होती. इंजिनिअरिंग विभाग नव्हता. प्राध्यापकांनी तीन-दोन योजना समजावली : तीन वर्षं इथे, दोन वर्षं भागीदार विद्यापीठात, शेवटी दोन पदव्या. त्यांनी आडपडदा न ठेवता हेही सांगितलं, की फार थोडी मुलं प्रत्यक्षात जातात. एकूण वर्षं पाच होतात, गुणांची अट असते आणि शेवटच्या दोन वर्षांची मदत भागीदार विद्यापीठ आपल्या नियमाने ठरवतं.

दुपारी एड कार्यालयात पंचवीस मिनिटं. सई कॅल्क्युलेटरच्या दोन प्रती छापून घेऊन गेली होती. जमीन न धरता घराचा वाटा ५,९०० डॉलर, जमीन धरून ७,२००. एकराला २५ लाख, तेव्हाच्या दराने साधारण ३०,००० डॉलर, असा हिशेब. अधिकाऱ्यांचं उत्तर स्पष्ट होतं. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे बरीच खासगी कॉलेजं मदत ठरवायला भरून घेतात तो फॉर्म, परदेशातली मालमत्ताही विचारतं, ती दाखवायचीच. पण पूर्ण तीन एकर दाखवायचे नाहीत, वडिलांचा एक तृतीयांश हिस्सा दाखवायचा. विशेष परिस्थितीच्या रकान्यात लिहायचं की वाटणी झालेली नाही, बाकी हिस्सेदारांच्या संमतीवाचून विकता येत नाही, आणि पीक आजीच्या खर्चाला जातं. सातबाऱ्याची प्रत आणि घरीच केलेलं भाषांतर पुरेल. टॅक्सीच्या धंद्याबद्दल त्यांनी सावध केलं : गाडीच्या घसाऱ्याची वजावट काही कॉलेजं उत्पन्नात पुन्हा जोडतात, तेव्हा कॅल्क्युलेटरपेक्षा खरा आकडा वर जाऊ शकतो. विम्याचा प्रश्नही तिने विचारला. या घराच्या उत्पन्नाला विमा मदतीत धरला जाईल, असं उत्तर आलं. निघताना अधिकाऱ्यांचं कार्ड घेतलं.

मुलाखतीसाठी शनिवारी सकाळी वेळा होत्या, नोंदणी ‘ऐच्छिक’ म्हणून तिने केली नव्हती. गुरुवारीच त्या भरून गेल्या होत्या.

परतल्यावरचा निर्णय

परत आलेल्या मुलांना पहिल्या आठवड्यात तेच कॉलेज स्वप्नात दिसतं. अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच कॉलेजला इतरांआधी करायच्या अर्जाची, तारीख १५ नोव्हेंबर, म्हणजे कॉलेजं भेटी ज्या सुमारास ठेवतात तो काळ काही योगायोग नाही. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, प्रवेश मिळाला की तिथेच जायचं. मदत अपुरी पडली तर सुटका मागता येते, पण दुसऱ्या कॉलेजच्या आकड्याशी तुलना करायची संधी जाते. एरवी धास्तावलेले आई-बाबा आता राजी झाले होते. सईच मागे हटली. बाबांनी फोनवर विचारलं होतं, “तिथं मशीनवर हात ठेवायला मिळतो का?” याचं उत्तर तिला देता आलं नव्हतं.

शाळेच्या काउन्सिलरचं मत अर्ली डिसिजन करावं असं होतं. प्रवेशाची शक्यता वाढते, आणि भौतिकशास्त्र घेऊन पुढे इंजिनिअरिंगमध्ये मास्टर्स करता येतं. हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण तो अशा घराला लागू पडतो जिथे बावीसाव्या वर्षी आणखी दोन वर्षं शिकणं परवडतं. सईने तिथे नियमित फेरीत अर्ज केला, पेनसिल्व्हेनियाला केला, ह्यूस्टनच्या इंजिनिअरिंगला केला.

एक बारकावा. त्या वर्षीचा एफएएफएसए, म्हणजे सरकारी आर्थिक मदतीचा फॉर्म, सर्वांसाठी नोव्हेंबरच्या शेवटच्या टप्प्यात खुला झाला. उत्पन्न ६०,००० डॉलरच्या खाली, स्वतःच्या धंद्याचा निव्वळ नफा १०,००० च्या आत आणि भाडं-भांडवली नफ्यासारखी परिशिष्टं भरावी लागत नसतील, तर एफएएफएसए मालमत्ता मोजतच नाही. म्हणजे ज्या एकरावरून घरात महिनाभर वाद झाला, तो ह्यूस्टनच्या हिशेबात आलाच नाही. सीएसएस प्रोफाइल मागणाऱ्या खासगी कॉलेजांपुरताच तो प्रश्न होता.

निकाल

मार्चअखेर न्यू इंग्लंडच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. घराने भरायचे वर्षाला सुमारे ७,४०० डॉलर, त्यात विमा आणि वर्षातून दोन विमानफेऱ्या धरलेल्या, शिवाय कॅम्पसवर आठवड्याला काही तास काम. पेनसिल्व्हेनियाने प्रतीक्षायादीत ठेवलं. ह्यूस्टनमध्ये मेकॅनिकल इंजिनिअरिंगला जागा मिळाली, शिक्षणशुल्क भागलं, पुस्तकं, जाणं-येणं आणि बाकीचा खर्च वर्षाला साधारण ४,००० डॉलर.

सईने ह्यूस्टन घेतलं. पैशाचा फरक ३,४०० डॉलरचा होता, आणि तो ओढाताण करून भरायची घराची तयारी होती. निर्णय शाखेवर झाला.

काय वेगळं करता आलं असतं

पेनसिल्व्हेनियातल्या कॉलेजात स्वतःचा इंजिनिअरिंग विभाग होता. नाकारलेल्या निमंत्रणाचं हे वैशिष्ट्य जानेवारीत, अर्ज भरताना कळलं. लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे मुख्यतः कला-विज्ञानाच्या पदवीपुरत्या लहान कॉलेजांत, इंजिनिअरिंग नसतं असं सरसकट नाही : स्वार्थमोर, स्मिथ, लाफायेट, बकनेल, युनियन इथे आहे. बर्फाच्या मशीनवर निबंध लिहिणाऱ्या मुलीच्या यादीत विभागांचा रकाना हवा होता, आणि तो मे महिन्यात भरायला दहा मिनिटं पुरली असती. भेट तिकडे झाली असती तर अर्ली डिसिजनचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटला असता.

काउन्सिलरच्या पत्राची विनंती शाळा सुटायच्या आत, मेमध्ये करायला हवी होती. मुलाखतीची नोंदणी निमंत्रण मिळाल्याच्या दिवशीच. ‘ऐच्छिक’ लिहिलेली मुलाखत कॅम्पसवर फुकट मिळत असेल तर घ्यावी, एरवी ती ऑनलाइन, अनोळखी माजी विद्यार्थ्याबरोबर होते.

जमिनीचा प्रश्न भेटीची वाट न पाहता जूनमध्ये एड कार्यालयाला ईमेलने विचारता आला असता, तेवढ्यासाठी विमानाची गरज नव्हती. वर्कशॉपची खोली मात्र जाऊन पाहिल्याशिवाय कळली नसती, कारण संकेतस्थळावर तिचा फोटो चांगला मोठा दिसत होता.

सईने जॅकेट धाकट्या भावासाठी ठेवलं आहे. तो आता नववीत आहे, आणि त्याचं नाव शाळेत आणि कार्डवर एकसारखं करून घेण्याचा अर्ज या उन्हाळ्यात दिला.